चौकटीच्या कागदावरचा मुलूख

मल्लप्पा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचा. म्हणजे चौकटीच्या कागदावर तो एकेक घर रंगवायचा, त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडायची, पट्ट्या मागावर चढायच्या आणि खाली चादरीत मोर उतरायचा. एकतीस वर्षं हेच. त्याच्या चादरी सोलापुरातून कुठं कुठं गेल्या, नवरानवरीच्या अंगावर पडल्या, बाळंतिणींनी पांघरल्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं होतं. ते नावही मल्लप्पाच काढायचा. त्या कारखान्यात चादर मागावर पालथी विणली जायची, म्हणून कागदावर अक्षरं उलटी काढावी लागत, आरशात दिसतात तशी. त्याचा हात त्यात इतका बसला होता की सुलट लिहायलाच त्याला जास्त वेळ लागे.

स्वतःचं नाव चादरीवर असावं असं काही तो म्हणत नव्हता. पण एकदा मॅनेजरनं पाहुण्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आमचा मल्लप्पा नक्कल फार सुरेख करतो." पाहुणे हसले, मल्लप्पाही हसला. घरी येऊन मात्र दोन दिवस जेवला नाही धड. बायकोनं, दाक्षायणीनं, कारण विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय.

पुढं चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सूत मिळेना आणि कारखाना तीन आठवडे बंद राहिला. दुसऱ्या कुणी झोपा काढल्या असत्या. मल्लप्पानं उरलेसुरले चौकटीचे कागद घरी आणले आणि त्यांवर मोरबीर न काढता एक अख्खा मुलूख काढला. डोंगर, नद्या, बाजाराची गावं, चोरवाटा आणि शेवटी एक भुईकोट किल्ला, ज्याच्या पोटात सगळ्या मुलखाचं पाणी कुणीतरी कोंडून ठेवलेलं. पाणी सोडवायचं, हा खेळ. कुठं पाहिलेला नाही, कुणाचा घेतलेला नाही. त्याच्या डोक्यातून निघालेला. किल्ल्याचा कागद तेवढा त्यानं मागाहून काढायचा ठेवला.

खेळायची रीत अशी होती की प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. सोंगाचा एक कागद, त्यावर तीन ओळी: ताकद, धीर आणि जीभ. जितकी घरं रंगवलेली, तेवढा तो गुण. मल्लप्पानं सांगायचं, "समोर नदी आहे, नावाडी नाही," आणि बाकीच्यांनी ठरवायचं की आपलं सोंग आता काय करील. जमलं की फसलं ते सात कवड्या ठरवणार, किती उताण्या पडल्या त्यावर. हातून काही चांगलं घडलं की एक घर रंगवायला मिळे, आणि अडीनडीला ते खर्चून एक कवडी वाढवता येई. मुलखाचे कागद फक्त मल्लप्पानं बघायचे. त्यासाठी त्यानं कारखान्यातल्या जुन्या, भोकं पडलेल्या पट्ट्या दोऱ्यानं ओवून समोर आडोसा उभा केला होता. भोकांतून डोकवायचं नाही, हा पहिला नियम. आणि ह्या मुलखात जो खोटं बोलेल त्याच्या बोलण्यात आधी काहीतरी खूण असेल, उगाच कुणी फसवणार नाही, हा दुसरा.

दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, दुपारची जेवणं उरकली की बाळीवेशीजवळच्या त्याच्या सोप्यात बैठक बसायची. खेळणारे तिघं. पहिला होटगीचा धोंडीराम, रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून देणाऱ्या ह्या माणसानं सोंग घेतलं वाटाड्याचं, आणि पहिल्याच दिवशी भोकातून डोकावून स्वतःचं एक घर गमावून बसला. दुसरी दाक्षायणी. तिनं व्यापाऱ्याचं सोंग घेतलं आणि जिभेची सगळी घरं आधीच रंगवून टाकली. मल्लप्पाला त्यात नवल वाटलं नाही.

तिसरी गोजरबाई. मूळची वैरागकडची, कारखान्यात मागासाठी कांड्यांवर सूत भरायला होती. अबोल बाई. मुकादमानं काही म्हटलं की मान खाली घालायची आणि कांड्या भरत राहायची. तिला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ती उंबऱ्याशीच बसली. मल्लप्पानं विचारलं, "गोजरबाई, तुम्ही कोण होणार?"

तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "अण्णा, मला घोडा पायजे. बाकी काय बी द्या."

घोडा मिळाला. तिनं त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या आणि आपलं ठेवलं म्हाळसा. जन्मभर पायी चाललेली ती बाई दर गुरुवारी घोड्यावर बसू लागली आणि महिन्याभरात उंबऱ्यावरून सतरंजीवर, आडोशाच्या अगदी समोर आली. पाखऱ्याला पाणी पाजल्याशिवाय ती डाव पुढं जाऊ देत नसे. तिच्या कागदावर धीराचं एक घर होतं, दरोडेखोरांपासून एक वस्ती वाचवल्याबद्दल मिळालेलं. दहा महिने झाले तरी तिनं ते खर्चलं नव्हतं. धोंडीराम म्हणायचा, "गोजरे, ते काय लोणच्यात घालती का?" ती नुसती हसायची.

चौदा महिने खेळ चालला. पंच्याहत्तरच्या श्रावणातल्या एका गुरुवारी शेवटचा कागद निघाला. किल्ल्याचा. मल्लप्पानं त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता, आणि दाक्षायणीनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या मनात एकच होतं. आज हा मुलूख शेवटापर्यंत टाक्यात टाका बसून पुरा झाला, की नक्कल करणारा मल्लप्पा निराळा आणि आपण निराळे.

तिघं किल्ल्याच्या दरवाजाशी आले. वाटेत भेटलेल्या गुरवानं त्यांना सांगून ठेवलं होतं: दरवाजातून आत गेलात की उजव्या हाताची वाट धरा, डाव्या हाताला दलदल आहे, ती सोडत नाही. म्हाळसा पुढं झाली.

"मी उजवीकडं चालले," गोजरबाई म्हणाली.

मल्लप्पानं कागदावर बघितलं. कागदावर असेल ते सांगायचं, ही एकतीस वर्षांची सवय. उजवीकडं करडी घरं भरलेली होती. "उजवीकडं दलदल आहे," तो म्हणाला. "घोड्याचे पाय रुतले. चार कवड्या उताण्या पाहिजेत."

गोजरबाईनं कवड्या टाकल्या. दोन पडल्या. धीराचं घर खर्चलं असतं तरी तीनच.

"घोडा गेला," मल्लप्पा हळू म्हणाला. "म्हाळसाला काठावर उडी टाकता आली. पाखऱ्या गेला."

गोजरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. एवढ्या वर्षांत कारखान्यात कुणी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, ते आता सरळ गालावर आलं आणि तिनं पुसलंही नाही.

"गुरव खोटा निघाला म्हनायचा," ती म्हणाली. "असंना. मान्सं निगत्यात खोटी. मला वाटलं हुतं हितं तरी न्हाय."

धोंडीरामानं मात्र मांडीवर थाप मारली. "लई भारी डाव टाकला की मल्लप्पा तुमी. चौदा म्हैने गुरवाला साधा ठिवला आन् शेवटाला असा फिरीवला. आपल्याला सपान पडलं नसतं."

मल्लप्पाला आडोशामागं काही उमगेना. गुरव खोटा नव्हता. गुरवाला त्यानं खोटा केलाच नव्हता. त्यानं कागद पुन्हा निरखला. किल्ल्यातल्या विहिरीच्या घरापाशी त्यानं बारीक अक्षरात 'पाणी' लिहिलं होतं, आणि ते तो आतापर्यंत बिनदिक्कत वाचत होता. आता नीट पाहिलं तेव्हा कळलं की अक्षरं उलटी आहेत. बाकीचे सगळे कागद त्यानं घरी काढले होते. हा एकच कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, नव्या चादरीची किनार भरता भरता काढला होता. हात मागाच्या सवयीनं चालला आणि सबंध किल्ला उलटा उतरला. उजवं डावीकडं, डावं उजवीकडं. पाच महिने कागद पेटीत होता आणि त्याच्या डोळ्यांना काहीच खटकलं नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यांना उलटंच सुलट वाटायचं.

त्याची कानशिलं तापली. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. एकतीस वर्षं कारखान्यासाठी जे केलं, ते त्याच्या एकुलत्या एका स्वतःच्या कामात येऊन बसलं होतं.

आणि कुणाला कळणारही नव्हतं. कागद आडोशाआड होता. गुरवाला लाच मिळाली असं म्हटलं की संपलं. धोंडीराम तर आत्ताच वाहवा करत होता, होटगी स्टेशनभर सांगत सुटला असता. बिनचूक खेळ, वर शेवटाला असली कलाटणी. मल्लप्पानं तोंड उघडलंही. पण समोर गोजरबाईचा ओला चेहरा होता, आणि "हितं तरी न्हाय" हे तिचे शब्द अजून सोप्यातच होते.

त्यानं आडोसा उचलून बाजूला ठेवला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"गुरव खरा आहे," तो म्हणाला. "मी चुकलो. बघा."

तिघं कागदावर वाकले. दाक्षायणीला 'पाणी' वाचता येईना, धोंडीरामाला येईना. गोजरबाईनं मान तिरपी केली आणि लगेच ओळखलं. चादरीच्या कोपऱ्यातलं नाव ती कांड्या पोचवताना मागावर रोज बघत होती.

"हे तर मागाचं अक्षर हाय की," ती म्हणाली.

"व्हय," मल्लप्पा म्हणाला. "अख्खा किल्ला उलटा आलाय. चौदा महिने तुम्हाला बसवलं आणि शेवटाला माती केली."

"री," दाक्षायणी नवऱ्याला कानडीत 'अहो' म्हणावं तसं म्हणाली, "एवढं तोंड नका पाडू. कागद उलटा धरा, झालं." पण तोंड तिचंही पडलं होतं, कारण तो धुतलेला सदरा तिनं सकाळीच बघितला होता.

गोजरबाईनं गाल पुसले. "अण्णा, मागावर चादरीत चूक घावली तर आख्खी चादर फाडत्यात का?"

"नाही."

"मग काय करत्यात?"

"माग थांबवतात. चुकलं तिथपर्यंत धागे उकलतात. आणि तिथनं पुढं पुन्हा विणतात."

"मग उकला की," गोजरबाई म्हणाली. "दरवाजापत्तुर."

धोंडीराम म्हणाला की मग सरळ घोडा परत देऊन टाका, चूक तुमची. ते गोजरबाईला पटलं नाही. पाखऱ्या फुकट नको, कवड्या टाकूनच परत न्यायचा, असं तिनं सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही. मल्लप्पानं खिडकीशी जाऊन कागद पालथा केला, उजेडावर धरला, आणि मागच्या बाजूनं किल्ला सुलट दिसू लागला. उजव्या वाटेवर खंदक होता. घोड्यासह उडी मारायला पाच कवड्या लागणार होत्या. दलदलीपेक्षाही एक जास्त. हे त्यानं लपवलं नाही.

गोजरबाईनं कवड्या ओंजळीत खुळखुळवल्या आणि टाकल्या. चार पडल्या.

धोंडीरामानं कपाळाला हात लावला. गोजरबाईनं शांतपणे आपला सोंगाचा कागद पुढं सरकवला आणि दहा महिने जपलेल्या त्या एका घरावर बोट ठेवलं.

"धीर," ती म्हणाली. "ह्यो आता खर्चते."

पाखऱ्या खंदकापार गेला. दाक्षायणीच्या व्यापाऱ्यानं पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं, वाटाड्यानं विहिरीची वाट काढली, म्हाळसानं दार उघडलं आणि पाणी मुलखात सुटलं. मल्लप्पानं ते कसं कसं गेलं ते गावागावाचं नाव घेऊन सांगितलं.

मग चहा झाला, आणि शेंगाचटणी-भाकरी, आणि खेळ कसा वाटला त्यावर बोलणं निघालं. दाक्षायणीनं स्पष्ट सांगितलं की चौथ्या कागदावरचा बाजार फार लांबला, तिथं तीन गुरुवार नुसते भाव करण्यात गेले. ते भाव तिनंच केले होते, हे कुणी बोललं नाही. धोंडीराम म्हणाला, "मी होटगीत गाड्या बघतो. डबं मोजतो. कुटं चालल्यात ह्यो विचार कधी केला न्हाय. आता करतो. सोलापुराच्या फुडं काय आसंल ते बी बघून यावं वाटतंय." एवढं बोलून तो भाकरीकडं वळला.

गोजरबाई सगळ्यात शेवटी बोलली. "आमच्या कांड्याच्या खोलीतली खिडकी चार वरसं खिळं ठोकून बंद हुती. सुताची धूळ नाकातोंडात. बायका खोकायच्या. मागल्या म्हैन्यात मी मुकादमाला म्हनलं, उघडा. त्यो म्हनला, तू कोन? मी म्हनलं न्हाय काय. पन मनात म्हनलं, म्हाळसा. आन् तितनं हालले न्हाय. उघडली त्यानं."

मल्लप्पानं भाकरीचा घास तसाच हातात धरला. त्या खिडकीचं सगळ्या कारखान्यात नवल झालं होतं. ती कुणी उघडवली ते त्याला आज कळलं. मॅनेजर, पाहुणे, पाठीवरचा तो हात, सगळं त्याला आठवलं आणि फार लहान वाटलं. अभिमान त्याला झाला, आणि तो स्वतःचा किती आणि ह्या बाईचा किती हे त्याला वेगळं करता आलं नाही.

"अण्णा," गोजरबाई म्हणाली, "कोपऱ्यात नाव टाका की. चादरीला आसतंय."

"कुणाचं?"

"ज्यानं केला त्येचं."

दाक्षायणीनं पेन्सिल आणून दिली. मल्लप्पा किल्ल्याच्या कागदावर वाकला. हात आपोआप उजवीकडून सुरू झाला. दोन अक्षरं झाली तेव्हा गोजरबाईनं कागदावर बोट टेकवलं.

"अण्णा, हे मागावर चढनार न्हाय."

मल्लप्पा थांबला. त्यानं ती दोन अक्षरं खोडली आणि डावीकडून सुरुवात केली. फार हळू, पहिलीतल्या पोरासारखं, एकेक घर धरून. अक्षरं वाकडी आली. गोजरबाई वैरागच्या शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. तिनं कागद आपल्याकडं ओढला, अक्षरांखालून बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"मल्लप्पा," ती म्हणाली. "आलं की वाचायला."