वन्संच्या खोलीतला धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही.

अंबरपेठेतलं आमचं घर जुनं, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली न्हाणीत लाकडांवरचा बंब. त्याचं विटांचं धुराडं वरच्या खोलीच्या भिंतीतून गच्चीवर जातं. त्या खोलीत वन्सं राहायच्या — माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलेलं नव्हतं. मी या घरात आले तेव्हापासून त्या होत्याच. नवरा गेला तेव्हाही आलेगेले आधी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला ते लागलं. पण हे काही कारण झालं का? नाही.

त्या हिवाळ्यात वन्सं म्हणू लागल्या, "वहिनी, खोलीत धुराचा वास येतो. सकाळी डोकं जड होतं." त्यांना सांगून मी मिस्त्रीला बोलावलं; तो आला तेव्हा त्या बँकेत गेल्या होत्या. म्हातारा यादगिरी. त्यानं गच्चीवरून धुराड्यात दिवा सोडून पाहिलं. "अम्मा, अंदर की ईंटां फट गये. धुआं ऊपर के कमरे में जारा. अंदर स्टील का पाइप डालना, नै तो बंब बंद करना."

चार दिवसांचं काम. मी म्हटलं, नंतर कळवते.

वन्संनी आल्या आल्या विचारलं — काय म्हणाला? मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही. "धुराडं चांगलं आहे म्हणे. तुम्हाला भास होत असेल."

का म्हणाले? कंटाळून घर सोडून जातील म्हणून. एवढंच. रोज सकाळी मी बंब पेटवत राहिले आणि वरचा खोकला ऐकत राहिले. त्या स्वतःवरच शंका घेऊ लागल्या. साडीचा पदर हुंगायच्या, मग माझ्यापुढे धरायच्या. मी म्हणायचे, कुठे काय येतंय? — आणि यायचा हो वास. चांगला यायचा.

संक्रांतीनंतर त्या नांदेडला भाचीकडे गेल्या. आठवड्याभरात मी पाइप टाकून घेतला.

घर माझं एकटीचं झालं. हेच हवं होतं ना मला? दिवसदिवस बोलायला कुणी नसायचं.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "इथं खोकला थांबला, वहिनी. पण करमत नाही. येऊ का परत?"

तेव्हा तरी हो म्हणायचं. पण मी घाबरले — नवा पाइप दिसेल, मिस्त्री भेटेल. "नका येऊ," मी म्हणाले, "वर धूर कोंडतो अजून."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे धूर होता."

रागावल्या नाहीत. फोन ठेवला. पुन्हा केला नाही — मीही नाही. दोन वर्षांनी नांदेडलाच वारल्या. भाची सांगत होती, शेवटपर्यंत थंडीतही खिडक्या उघड्या ठेवायला लावायच्या.

वरची खोली रिकामी आहे. धूर होता तेव्हा मी नाही म्हणाले, नव्हता तेव्हा आहे म्हणाले. दोन्ही वेळा मला पक्कं ठाऊक होतं.