दोन रात्रींची अट

अमुक हॉटेलात दोन रात्री सलग राहा, बिल याच कार्डावर भरा, तीन हजार रुपये स्टेटमेंटमध्ये परत. कार्डाच्या ॲपवर ही ऑफर मी स्वतःच सुरू केली होती. निवृत्त माणसाला वेळ जात नाही आणि कार्ड कंपनीला एकदा तरी हरवायची मला भारी हौस. मुदत दिवाळीच्या आठवड्यातच संपत होती आणि त्या हॉटेलची एक शाखा सोलापुरात होती.

सोलापुरात माझी थोरली बहीण एकटी राहायची. दर भाऊबीजेला मी पुण्याहून तिच्याकडे जायचो. बहिणीच्या गावात भाऊ हॉटेलात उतरला, हे तिला कळलं असतं तर तिनं वर्षभर अबोला धरला असता. म्हणून मी दोन दिवस आधी आलो आणि तिला सांगितलंच नाही. तिचं घर हॉटेलापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. दोन रात्री इथं काढायच्या आणि भाऊबीजेला सकाळी पिशवी घेऊन दारात उभं राहायचं, असा माझा बेत.

पाडव्याला सकाळी मी हॉटेलातली इडली खात होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"कुटं हायस रे?"

"पुण्यातच हाय की."

"छातीत जरा दडपल्यागत व्हायलंय. तू असतास तर डॉक्टरकडं जाऊन आलो असतो."

"शेजारणीला घेऊन जा ना, अक्का."

"तिच्याकडं पावणे आल्यात, सणाचं कशाला तरास? ऱ्हाऊ दे. उद्या तू आल्यावर जाऊ."

मी फोन ठेवला आणि आणखी एक कप चहा मागवला. पित्त असेल, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला तीन हजार सोडवत नव्हते.

चार वाजता शेजारणीचा फोन आला. फराळाचं ताट द्यायला गेली, तर अक्का स्वयंपाकघरात पडलेली. मी तसाच धावलो. दवाखान्यात ती शुद्धीवर होती, नाकाला नळी. मला बघून हसली. इतक्या लवकर कसा, असं तिनं विचारलंच नाही. नर्सला म्हणाली, "माझा भाऊ हाय. पुण्यास्नं आलाय, लई जीव लावतो." मला तिथंच सांगून टाकायचं होतं, पण मी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं. भाऊबीजेला पहाटे ती गेली.

हॉटेलात माझी बॅग दोन रात्री राहिली होती, म्हणजे अट पूर्ण झाली. बॅग आणायला गेलो तेव्हा पाकिटात दुसरं कार्डही होतं. तरी मी ऑफरचंच कार्ड पुढे केलं. का केलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले. तेव्हापासून सकाळी फोन वाजला की मला वाटतं, तीच विचारणार, कुटं हायस.

अक्काची मुलगी बेंगळुरूला असते. परवा वर्षश्राद्धाला आली होती. पानं वाढून झाल्यावर माझ्याजवळ बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मामा, त्या सकाळी तुम्ही सोलापुरात असता ना, तर आई वाचली असती."

मग माझा हात धरून घाईघाईनं म्हणाली, "तुम्हाला बोल नाही लावत हं. तुम्ही पुण्यात होता, तुम्ही तरी काय करणार?"

मी म्हणालो, "हो ना."