अक्काच्या घरासमोरची बाग

माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत घराबाहेर कोणाशी बोलत नसे. धुळ्याला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती दिवाणामागे बाहुल्या मांडून बसायची आणि माझ्याशी मात्र अखंड बडबडायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "वर्गात तोंडच उघडत नाही." मला काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. तिचा आवाज फक्त माझा होता.

मे महिन्याच्या सुट्टीत तिला घेऊन जळगावला मोठ्या बहिणीकडे गेले. अक्काच्या घरासमोर महापालिकेची बाग आहे. दोन घसरगुंड्या, चार झोके, वाळूचा हौद. ऊन इतकं की संध्याकाळपर्यंत घसरगुंडीला हात लावता येत नाही. उन्हं उतरली की गल्लीतली सगळी पोरं तिकडे पळतात. अक्का रोज माझ्या मुलीला घेऊन जायची. "तू जरा पड," मला म्हणायची.

चौथ्या दिवशी मी मागोमाग गेले. फाटकातच किंचाळी ऐकू आली, "ए, माझा नंबर आहे!" घसरगुंडीच्या शिडीवर माझी मुलगी उभी होती आणि तिच्याहून डोकंभर उंच मुलाला कोपरानं मागे सारत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. वाटला हेवा. पाच वर्षं मी गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, नवस बोलले. आणि अक्कानं चार संध्याकाळींत हा आवाज काढला?

तेवढ्यात ती घसरत खाली आली आणि वाळूत तोंडावर आपटली. मी धावले. ती उठली, माझ्या बाजूनं निघून गेली आणि अक्काच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली. रडण्याच्या भरात तिनं मला पाहिलंच नसेल. तेव्हा हे सुचलं नाही.

"हात मोडला असता!" मी अक्कावर ओरडले. झाडांना पाणी घालणारे आबा म्हणाले, "पोरं पडतस नी उठतस बी, माय." मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मुलीला ओढत घरी आणलं आणि बॅग भरायला घेतली.

अक्का दारात येऊन उभी राहिली. "आठ दिवस राहणार होतीस ना?"

"तुला सगळं आयतं मिळतं," मी म्हणाले. "दारासमोर बाग, आणि आता माझी पोरगीही."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती पलंगावर बसली. "मी काही केलं नाही गं. मी नुसती बाकावर बसते. पहिल्या दिवशी ती तासभर माझ्या मागे उभी होती. मी 'जा खेळ' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं तिच्या हातात डबडं दिलं, वाळू भर म्हणाली. झालं." मग विचारलं, "तुमच्या धुळ्यात बाग नाही का?"

होती. घरापासून दहा मिनिटांवर. तिथली पोरं धसमुसळी, वाळू घाण, झोक्याची साखळी गंजलेली, म्हणून मी तिला कधी नेलं नव्हतं. हे अक्काला सांगवलं नाही. सकाळच्या बसनं निघालेच. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मुलगी खिडकीकडे तोंड करून गप्प. पहिल्यांदाच मला तिच्याशी बोलायची भीती वाटली.

त्याच संध्याकाळी तिला आमच्या बागेत नेलं. मी बाकावर बसले, उठून धावू नये म्हणून हात मांडीखाली दाबून. ती बराच वेळ मला चिकटून होती. मग झोक्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढं कॉलनीतल्या दोघीतिघींना घेऊन महापालिकेत अर्ज दिला. साखळी बदलेपर्यंत दिवाळी आली, पण बदलली.

आता तिथं तिला एक मैत्रीण आहे. परवा दोघी घसरगुंडीच्या माथ्यावर डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. घरी येताना विचारलं, "काय चाललं होतं गं?"

"तुला नाही सांगायचं."

घरी पोचताच अक्काला फोन करून सांगितलं, तर ती खो खो हसत सुटली. मला काही हसू आलं नाही.