हसू न मागणारा विनोद

अनर्थ घडल्यावर धावून येणाऱ्याचे नाव जगाच्या ओठी राहते. अनर्थ घडूच नये म्हणून उन्हात तिष्ठत राहणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. फुटबॉलच्या त्या मैदानावर परिचारिका म्हणून नेमलेल्या बाईंचे जीवन या दुसऱ्या जातीचे होते. रुग्णालयातील नोकरीतून निवृत्त होऊन त्या येथे आल्या, तेव्हा पतीला जाऊन बराच काळ लोटला होता आणि एकुलती लेक संसाराच्या निमित्ताने दूर स्थिरावली होती. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरील खोलीत त्या एकट्या राहत. स्वयंपाक एकीचा, म्हणून तो नेहमीच थोडा अधिक होई.

मुलांनी त्यांचे नाव ‘थांबाबाई’ ठेवले होते. कोणी धापा टाकू लागला की त्या म्हणत, “थांबा, सावलीत चला, पाणी घ्या.” सुटीनंतरचे पहिले दिवस तर त्यांना विशेष भिववीत. घरात आळसावलेली शरीरे एकाएकी उन्हात पळवली की देहातला उष्मा देहातच कोंडतो, आणि तरणाताठा मुलगा पाहता पाहता हातचा जातो, हे त्यांनी रुग्णालयात पाहिले होते. म्हणून प्रत्येक सरावापूर्वी त्या मैदानाच्या कडेचे मोठे टब पाण्याने व बर्फाने भरून ठेवीत. बर्फ वितळे, संध्याकाळी ते पाणी त्या गवताला घालीत.

“बाई, आज तरी आंघोळ उरका की!” मुलांमधला एक जण रोज ओरडे. त्याला सगळे ‘फिरकी’ म्हणत, कारण प्रशिक्षकांपासून माळ्यापर्यंत कोणाचीही फिरकी घेतल्याविना त्याला घास गोड लागत नसे. मागल्या हंगामात त्याने बेशुद्ध पडल्याचे सोंग केले. बाईंनी सराव थांबवला, त्याला मुलांकरवी टबाकडे उचलून नेले, तेव्हा हा डोळे उघडून म्हणाला, “साबण?” मैदान हास्यात बुडाले. नेमके त्या दिवशी क्लबचे अध्यक्ष आले होते. प्रशिक्षकांनी बाईंना बाजूला घेऊन बजावले, “पुन्हा उगाच सराव थांबवलात, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.”

बाईंना स्वतःच्या मानापमानाची क्षिती नव्हती. पण आपण गेलो तर हे टब भरणार कोण, या विचाराने त्या गप्प राहिल्या. तेव्हापासून ‘थांबा’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येई आणि परत फिरे.

सुटीनंतरच्या सरावाचा तिसरा दिवस. वारा पडलेला, दुपार कलता कलत नव्हती. कोणी तरी उशिरा आला म्हणून प्रशिक्षकांनी सर्वांनाच धावण्याची शिक्षा दिली होती. फेरी संपवून फिरकी डुलत डुलत प्रशिक्षकांपाशी आला आणि म्हणाला, “काका, बेल मारा की. पुढच्या स्टॉपला उतरायचंय.”

मुले हसून लोळायची बाकी राहिली. “तिकीट काढलंस का रे?” कोणी तरी विचारले.

“आईनं दूध सांगितलंय,” फिरकी म्हणाला.

पुन्हा हशा. प्रशिक्षकांच्याही मिशीत हसू फुटले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हास्यात त्यांना कधी वाटा नव्हता. ज्याला पंगतीत जागा नसते, तो पंगत न्याहाळतो, तसे त्यांनी या मुलाला दुरून न्याहाळले होते. विनोद करून झाला की तो हळूच सर्वांच्या तोंडांकडे पाही: कोण हसला, कोण राहिला. तेच त्याचे मानधन. आज त्याने कोणाकडेच पाहिले नाही. त्याची नजर रिकाम्या गोलखांबावर खिळलेली होती.

“नाटकं पुरे,” प्रशिक्षक म्हणाले. “चल, अजून एक फेरी!”

“थांबा,” बाई म्हणाल्या.

“बाई, मागचं विसरलात?”

“नाही विसरले. आजही फसले असेन, तर उद्या येणार नाही. पण आत्ता त्याला धरा.”

दोघे जण हसतच त्याला धरायला गेले. हात लागताच एकाचे हसू मावळले. “सर, हा तव्यासारखा तापलाय!”

पुढे सारे त्वरेने झाले. बाईंनी त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवले, काखेखालून टॉवेल घालून डोके वर धरवले आणि दोन्ही हातांनी पाणी ढवळू लागल्या. मुलगा हातपाय झाडत होता, कधी न दिलेल्या शिव्या देत होता. प्रशिक्षकांचा चेहरा पांढरा पडला. “गाडी काढतो! आधी दवाखाना गाठू!”

“आधी पाणी, मग गाडी. रुग्णवाहिका बोलवा; पण ताप उतरल्याशिवाय मी याला बाहेर काढू देणार नाही. वाटेत हा आतून भाजत राहील.”

“आणि काही बरंवाईट झालं तर?”

“तर माझ्या माथी.”

प्रशिक्षक काही क्षण किल्ली मुठीत घेऊन उभे राहिले. मग त्यांनी ती खिशात टाकली, फोन केला आणि स्वतःच बर्फाची पिशवी फोडली. रुग्णवाहिका येऊन थांबली, तरी बाई शरीरातला ताप मोजीत राहिल्या. अखेर मुलगा कुडकुडत पुटपुटला, “बाई, लई गार आहे हो.” तेव्हाच त्यांनी हात पाण्याबाहेर घेतले.

रुग्णालयात मुलाची आई धावत आली. ओलाचिंब लेक पाहून ती बाईंवर कडाडली, “शुद्ध हरपलेल्या पोराला बर्फात घालता? तुम्हाला मूलबाळ आहे की नाही?” थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. मुलगा वाचला होता. बरेच दिवस विश्रांती हवी. बर्फाबद्दल ते काही सांगणार, तोच आई आत धावली. प्रशिक्षक बाईंपाशी आले. मान खाली घालून म्हणाले, “उद्यापासून सराव सकाळी लवकर. तुम्ही थांबा म्हणालात, की मी थांबेन.” मग तेही आत गेले. मागोमाग आलेली मुलेही आत गेली. दार मिटले; आतून बोलण्याचा गलका ऐकू येऊ लागला.

बाई व्हरांड्यातील बाकावर बसून होत्या. साडीतून पाणी ठिबकून पायांशी थारोळे झाले होते. फरशी पुसणारी मावशी तिथवर आली.

“आत आहे तो मुलगा कोण लागतो हो तुमचा?”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या, आणि तिला पुसता यावे म्हणून त्यांनी पाय वर घेतले.