पाण्याकडे दार

मला दुसऱ्यांची घरं बघायचं व्यसन आहे. ज्याची घर घ्यायची ऐपत नसते त्याला हे व्यसन फार लवकर जडतं. चंद्रपुरात कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भावाभावांच्या वाटणीचे कागद असलं काहीबाही मी लिहून देते. दुपारी ऊन असं तापतं की रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा डबा उघडायचा आणि फोनवर इंग्लंडातली विकाऊ घरं बघायची, हा माझा नेम होता. साधी घरं नव्हेत, तऱ्हेवाईक. खडकावरचा बंद पडलेला दीपस्तंभ, त्याच्या टोकाला गोल खोलीत पलंग. पवनचक्कीत थाटलेला संसार. जुनं चर्च, त्यात जिथे लोक गुडघे टेकत असतील तिथे आता स्वयंपाकाचा ओटा. माझ्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत आणि खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या कूलरची पाठ दिसते. भांडी घासता घासता मी मनातल्या मनात त्या दीपस्तंभाचे पडदे बदलत असे.

त्यातच एकदा समुद्रकाठच्या लाकडी खोप्या दिसल्या. एका ओळीत उभ्या, पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या, दोन पायऱ्या चढून आत जायचं. आत दोन खुर्च्या, चहाची किटली, टॉवेल अडकवायला खुंट्या. वीज नाही, नळ नाही, रात्री झोपायला मनाई. आणि किंमत वाचून मी डबा बाजूला सारला. कारण तशीच एक खोपी माझ्या बापाची होती.

आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक. मूल शहराच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं गाव आणि गावाला मोठा तलाव. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आमच्या लोकांच्या बारा खोप्या, सगळ्यांची दारं पाण्याकडे. आत जाळी, टोपल्या, वल्हं आणि चहापुरती चूल. बाची खोपी त्यात सर्वांत देखणी. आजोबाने आलापल्लीच्या डेपोतून सागाची लाकडं आणली होती, बैलगाडीने, किती मुक्काम करत ते त्यालाच ठाऊक. खिळा एकही नाही, सगळी लाकडात लाकूड बसवणारी कुसं आणि लाकडाच्या मेखा. वर कवेलूंचं छप्पर. गावात आमचं घर कुडाचं आणि जाळ्याची खोपी सागाची. माय जिवंत होती तोवर ती यावरून बाला रोज ऐकवायची.

दिवाळीत गावी गेले तेव्हा मी बाला फोनवर त्या इंग्रजी खोप्या दाखवल्या. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरलेला. फोन नाकाशी धरून, मान तिरपी करून त्याने चित्र पाहिलं.

"यात लोकं राह्यतेत?"

"नाई बा. झोपाले मनाई हाय."

"मंग जाळे ठेवत असतीन."

"जाळे नाईत त्यांच्यापाशी. खुर्ची टाकून समुद्र पाह्यतेत फक्त."

"पाह्यतेत?" बाने फोन खाली ठेवला. "मासे नाई मारत?"

"नाई."

"इंग्रजाले काई कामधंदा नाई वाटते," तो म्हणाला आणि बिडी शोधायला लागला. बिडी समोरच पडली होती. त्याच्या हाताला ती दोनदा चुकली.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते बघू. बाने एकट्याने गावात राहणं आता खरं नव्हतं. चंद्रपूरला चल म्हटलं की त्याचं एकच उत्तर, "खोपी कोन पाहीन?" मी सहा महिने हेच ऐकत होते. मला त्या खोपीचा राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू. सवतीचा यावा तसा राग. मनाशी हिशेब केला, खोपी गेली की बा आपोआप येईल. लोकांचे विक्रीचे कागद लिहून लिहून माझं डोकं तसंच चालायला लागलं होतं.

मग मी जाहिरात लिहिली. इंग्रजांच्या जाहिराती वाचून हात तयार झालाच होता. तलावाकाठची अस्सल सागवानी कुटी, एकही खिळा न वापरता केलेलं काम, समोर सूर्योदय, कमळं, शांतता. फोटोत डास येत नाहीत आणि माशांचा वास तर येतच नाही. फोनवर टाकली आणि आठवड्याच्या आत एका रिसॉर्टचा मॅनेजर गाडी घेऊन पाळीवर हजर झाला. वाघ बघायला येणारे पाहुणे जिथे उतरतात तसलं ते रिसॉर्ट, जंगलाच्या गेटाजवळचं. मॅनेजर गोड बोलणारा होता. खांबावरून हात फिरवत म्हणाला, "ताई, असं ओरिजिनल काम आता बघायला मिळत नाही." त्याला जागा नको होती, ती सरकारचीच. त्याला नुसती लाकडं हवी होती.

मी बाला विचारलं. विचारलं बरं का, न विचारता विकली नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

"विकू का, बा?"

तो जाळ्याची गाठ चाचपत होता. "तुले वाटते त विक," म्हणाला.

मी तो होकार समजले. शिकलेल्या माणसाला वाटतं, नको असेल तर समोरचा नको म्हणेल. आमच्यात बाप लेकीला नको म्हणत नाही. लेक दोन दिवसांची पाहुणी, तिचा शब्द कशाला मोडायचा.

चार माणसं आली, प्रत्येक लाकडावर खडूने आकडा टाकला आणि मेखा ठोकून काढल्या. एक दिवस पुरला. बा शेजारच्या खोपीच्या सावलीत बसून नुसता आवाज ऐकत होता. टेम्पो निघताना तो उठला आणि ड्रायव्हरच्या दिशेने मोठ्याने म्हणाला, "दार पान्याकडे ठेवजा हो!" ड्रायव्हर हसला आणि मान हलवली. बाला ती मान दिसली नसणार.

खोपी गेली, तरी बा आला नाही. "वैशाखात मासे निघतेत, थे झालं की येतो," म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे.

वैशाखात तलावाचं पाणी आटतं आणि सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. मग वाटे पडतात. लहानपणापासून मला एवढंच माहीत, की त्या दिवशी बा मोठी थैली भरून मासे आणतो, रोहू, कतला, नशीब असलं तर मरळ, आणि उरलेले सुकवून पावसाळाभर पुरतात. वाटे पडतात कसे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाळीवर बाई गेली की जाळं फाटतं म्हणे. हे शास्त्र बाप्यांनीच काढलेलं, आणि फाटलेलं जाळं शिवायचं काम मात्र घरी बायकांकडे. दहावीनंतर तर मी वसतिगृहातच गेले. गावच्या कितीतरी गोष्टी मी अशा अर्ध्याच शिकले आणि वरून मला सगळं कळतं असं समजत राहिले.

त्या दिवशी मी बाला न्यायला आले होते. त्याची पेटी बांधून तयार होती. त्याने थैली घेतली, धुऊन घडी केलेली, आणि म्हणाला, "मले पारीवर नेऊन दे." आता त्याला पायवाट दिसत नव्हती. जाळं फाटलं तर फाटू दे म्हणत मी त्याचा हात धरून पाळीवर गेले. आमच्या खोपीच्या जागी चार खड्डे होते. बा पायाने चाचपडत गेला आणि बरोबर उंबरा होता तिथे, पाण्याकडे तोंड करून बसला. मी मागे मोहाच्या झाडाखाली उभी राहिले.

जाळं ओढून झालं. पाळीच्या टोकाला माशांचा ढीग पडला. दोन माणसं टोपल्या घेऊन निघाली आणि तेव्हा मला कळलं. आमच्याकडे वाट्याला नाव पुकारत नाहीत, यादी नसते. पहिल्या खोपीच्या दारात एक वाटा, दुसरीच्या दारात एक वाटा. ज्याचं दार, त्याचा वाटा. दार नाही त्याला वाटा नाही, आणि वाटा नाही तो जाळ्याचा माणूस नाही. आजोबाने सागाची लाकडं बैलगाडीने का ओढून आणली, ते मला त्या उन्हात उभ्या उभ्या समजलं.

बाच्या अलीकडच्या खोपीत मासे पडले. ओल्या माशांचा जमिनीवर पडतानाचा थपथप आवाज मला झाडापर्यंत ऐकू आला. बाने थैली उघडून दोन्ही हातांनी तोंड धरलं. टोपलीवाले त्याच्यासमोर क्षणभर थांबले, एकमेकांकडे पाहिलं आणि पुढच्या खोपीकडे गेले. तिथे थपथप आवाज झाला. बा तसाच बसून होता. मग त्याने मान माझ्याकडे वळवली.

"बाई, पाह्य त. आपल्या दारात आला का?"

मी जाऊन त्याच्या शेजारी बसले, इतकंच.

शेजारच्या काकाने आपल्यातले दोन रोहू आणून पुढे धरले. "घ्या भाऊ." बाने हात मागे घेतला. "वाट्याचं खातो मी," म्हणाला. "मांगून नाई खात."

मी भांडले. म्होरक्याला, ज्याला सगळे मोठेभाऊ म्हणतात त्याला, चार लोकांत विचारलं, की चाळीस वर्षं ज्याने तुमच्याबरोबर जाळं ओढलं त्याला तुम्ही ओलांडून कसे जाता? म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमी नाई मोडली खोपी. लाकडं चालली व्हती तवा मले वाटलं, बापलेकीनं इचार केला असंन. घरची गोष्ट, आमी काऊन बोलाव?" मग म्हणाला, "खोपी आना, वाटा घ्या. जागा तुमचीच हाय." त्यांच्यात एक वाटा कमी झाला होता, म्हणजे बाकीच्यांचे थोडे वाढले होते. तेही मी बोलून दाखवलं.

दुसरी खोपी बांधू म्हटलं, तर पाळीवर हिवाळ्यातच सरकारी फलक लागला होता. जुनी बांधकामं राहतील, नव्याने बांबूसुद्धा रोवायचा नाही. आमची तीच जुनी लाकडं परत उभी केली तर कोणी विचारणार नाही, असं मोठेभाऊ म्हणाला. म्हणजे तीच खोपी परत आणणं, एवढाच मार्ग उरला.

घरी आल्यावर मी बाला विचारलं, "तू काऊन नाई सांगतला मले?"

"मले वाटलं, खोपी गेली त गेली. मी त बसून राह्यलो नं तिथी. लोकं मले ओळखतेत." मग तो म्हणाला, "तू खुश व्हती, बाई."

बा चंद्रपूरला आला. थैली घडी करून उशाखाली ठेवली. मी त्याला सांगितलं होतं, खोपी परत आणते, पुढच्या वैशाखात तू दारात बसशील. तो रोज सकाळी विचारायचा, "गेली व्हती का?" दुकान, ऊन, पाऊस यात दोन महिने गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. शेवटी एका रविवारी मी बसने त्या रिसॉर्टवर गेले.

खोपी पोहण्याच्या तलावाजवळ होती. पांढरे-निळे पट्टे रंगवलेले, दोन पायऱ्या लावलेल्या. आत खुंट्यांवर टॉवेल. मॅनेजरने कुठल्याशा परदेशी फोटोवरून करून घेतली होती, आणि तो फोटो मी पाहिलेलाच असणार. पैसे परत घ्या आणि लाकडं द्या म्हटल्यावर तो माणूस खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "ताई, नेऊन काय कराल? उंची जास्त होत होती, खांब दोन हात कापलेत. मेखांची भोकं बुजवून सगळीकडे खिळे मारलेत." मी खांबावर हात ठेवला. गुळगुळीत ऑइलपेंट. खडूचा एक आकडा कोपऱ्यात रंगाखाली अजून दिसत होता. ते लाकूड आता कोणाची खोपी होणार नव्हतं. परत येताना बसमध्ये मी रडले, आणि शेजारची बाई मला पाणी देत राहिली.

बा खाटेवर बसून होता. माझी पावलं ऐकून सरळ झाला.

"पाह्यली?"

"पाह्यली, बा. त्यांनी कापली. आता नाई येत थे."

शेजाऱ्याचा कूलर घरघरत होता.

"दार कुठी हाय तिचं?"

"पान्याकडे," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्या ड्रायव्हरने सांगितलं असेल किंवा आपसूक झालं असेल.

बाचा चेहरा जरा उजळला. "मासे हायेत त्या पान्यात?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण खोपी विकण्यामागचा माझा हिशेब न सांगून मी त्याला एकदा फसवलं होतं.

"नाई, बा. पाहाले हाय फक्त."

बाने मान हलवली. मग उशाखाली हात घालून थैली काढली, घडी नीट केली आणि जिथे माझा आवाज होता तिकडे धरली.

"घे," म्हणाला. "भाजी आनाले होईन."