नदीवर न्यायचं संत्रं

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला भिलाईतली आठवी आणि थंडीतली शिवनाथ नदी आठवते. भूगोलाच्या मॅडम आम्हाला नदीचा वेग मोजायला घेऊन गेल्या होत्या. बसमध्येच नकाशा मांडीवर पसरून आम्ही नदीचं वळण शोधून ठेवलं होतं. काठावर दोन काठ्या रोवायच्या, वरच्या काठीपाशी संत्रं पाण्यात सोडायचं आणि खालच्या काठीपर्यंत वाहत जायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. आमच्या गटाचं संत्रं मी आणणार होते, कारण मामा नुकताच नागपूरहून करंडी घेऊन आला होता. ऐटीत डबा उघडला, तर आत आईने छान सोलून ठेवलेलं संत्रं, पांढरे धागेसुद्धा काढलेले! “अरे, छिलका कहाँ गया?” मॅडम म्हणाल्या. तरी सोडून बघितलं, तर सालीशिवाय ते सरळ बुडालं आणि उथळ पाण्यात सगळ्यांना दिसेल असं तळाशी जाऊन बसलं. वर्ग हसून हसून लोळला आणि तक्त्यात आमच्या गटाची ओळ कोरीच राहिली. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि आईला विचारलं, “कावून सोललं तूनं?” आई गोंधळली. “मले वाटलं तू खाशीन. सोलता सोलता हात चिकट झाले असते, मंग नकाशा खराब झाला असता ना तुया.” आता आईची बोटं वळत नाहीत. संत्रं मी सोलते, धागे काढते, बशी तिच्यापुढे ठेवते. ती एक फोड उचलते आणि दर वेळी विचारते, “हे नदीत टाकाचं त नाही ना?”