पाणी मारल्यावरचा खेळ

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. साहेब लोक आले, कचेऱ्या आल्या आणि कचेरीच्या आवारात मातीचं बॅडमिंटन कोर्ट आलं. मी औशाच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देत देत लातुरात स्वतःचं दुकान काढलेली बाई. वर्गणी भरून मेंबर झाले. वर्गणी पुरुषांएवढीच होती, वेळ मात्र नव्हती.

बायकांना दुपारी चारची वेळ. ऊन डोळ्यांत, धूळ पायांत, आणि वारा असा की नेटपलीकडे मारलेलं फूल परत आपल्याच डोक्यावर पडावं. पाच वाजता शिपाई कोर्टावर पाणी मारी, रूळ फिरवी. तोवर वारा पडे आणि पुरुष खेळायला उतरत. आम्ही ओल्या मातीचा वास घेत रॅकेटी पिशवीत घालायचो.

थांबायची ती एकच बाई, मोठ्या साहेबांची बायको. "मॅडम, या ना, एक पार्टनर कमी आहे," अशी हाक मारून तिला बोलवत. पांढरे बूट घालून ती त्या ओल्या मातीवर अशी पळायची की माझा जीव जळायचा. तिच्या बुटांवर जळायचा, तिच्या मनगटावर जळायचा, आणि सगळ्यात जास्त त्या हाकेवर. मला जन्मात कुठलीच गोष्ट भांडल्याशिवाय मिळाली नाही.

मग त्या साली पाऊसच झाला नाही. नळ कोरडे पडले, कोर्टावर पाणी मारणं बंद झालं. मातीला भेगा गेल्या, पुरुष धुळीत घसरून पडू लागले. माझ्या दुकानामागच्या बोअरला मात्र पाणी होतं. पण इतकं मचूळ, की जनावरंही तोंड लावत नव्हती. कोर्टाचे सेक्रेटरी वकील होते. ते दुकानात आले.

"अक्का, रोज एक पिंप द्या कोर्टाला."

"देते. पण पाणी मारल्यावर पहिला खेळ बायकांचा."

"लोक दिवसभर हापिसात राबून येतेत, अक्का."

"आन आम्ही काय दिवसभर झोके खेळतो?"

ते हसले. "बरं, बघू."

"बघू न्हाई. हाव म्हणा."

"हाव."

पहिल्या संध्याकाळी कोर्ट ओलं झालं. आम्ही बायका पदर खोचून उभ्या. वकिलांनी हाक मारली ती साहेबांच्या बायकोला. स्वतः तिचे पार्टनर झाले, समोर दोन साहेब घेतले आणि अंधार पडेपर्यंत खेळले; आम्ही भिंतीशी बसून. जाताना मला म्हणाले, "मॅडम बाईच हायेत की अक्का. बोली पाळली."

दुसऱ्या दिवशी पिंप गेलं नाही. शिपाई रिकामा गाडा घेऊन परतला, त्याच्या मागोमाग वकील आले. मी तांब्याची मोड तोलत होते. तराजू आपटला.

"माझ्या पाण्यावर मलाच भिंतीला बसवता?" गल्ली गोळा झाली. "आता पहिला तास नुसता बायकांचा. एक बी पुरुष आत न्हाई. आन तुमच्या मॅडम आमच्या रांगेत."

"मॅडमना रांगेत उभं राहा म्हणून कसं सांगू?"

"मला चारच्या उन्हात उभं केलं, तवा कसं सांगितलं? तसंच सांगा."

त्या संध्याकाळी पिंप गेलं, आणि ती आली. शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातली नर्स, त्यांच्या मागे मुकाट उभी राहिली. तेही मला सोसलं नाही. नाक मुरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझी पाळी आली ती तिच्यासमोरच. वारा नव्हता, पाय घसरत नव्हता. मारलेलं फूल मारलं तिथंच जात होतं. हे मला इतके महिने माहीतच नव्हतं. तरीही हरले, आणि सपाटून हरले. भिंतीशी बसलेल्या पुरुषांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

घाम पुसत ती म्हणाली, "कोर्ट किती छान झालंय आज. पाणी कोणी मारलं?"

"शिपाई मारतो, मॅडम," वकील घाईनं म्हणाले.

"पाणी माझं हाय," मी म्हणाले. मग रॅकेट उचलली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.